तिसऱ्या मजल्यावरची बाई

थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय. उद्यापर्यंत थांबले तर मी स्वतःला समजावेन की सगळा योगायोग होता, आणि मग हे कधीच लिहिणार नाही. मला मी माहितीये. आज सकाळीच झालंय, घाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका होतील, सांभाळून घ्या.

तर मी अमेरिकेत, रेडमंडला राहते आणि माझं काम ऐकलं की लोक हसतात. मी नकाशे तपासते. म्हणजे असं की एक गाडी डोक्यावर कॅमेरा घेऊन गावोगावच्या रस्त्यांवरून फिरते, आणि ते फोटो इथे माझ्या स्क्रीनवर येतात. हे दुकान, हा सिग्नल, हा माणूस असं सगळं मशीनच ओळखतं आणि चौकोन काढतं. मशीन चुकलं का, तेवढं मी बघायचं. मास्टर्सनंतरचा पहिला जॉब, तोही कॉन्ट्रॅक्टवर. आमच्या प्रोजेक्टमध्ये गाडी त्याच त्याच रस्त्यांवरून दर दोन-अडीच महिन्यांनी जायची, कारण काय बदललं ते मार्क करायचं होतं. एप्रिलचा फोटो डावीकडे, जूनचा उजवीकडे. झाड होतं, कापलं. दुकान होतं, बंद पडलं. दिवसभर हेच.

ऑक्टोबरात मला फ्रान्स मिळालं. टीममधले सगळे म्हणाले, लकी आहेस यार. मला वाटलं नदी, पूल, रंगीत छत्र्यांचे कॅफे. मिळालं काय, तर एका मोठ्या शहराच्या पार कडेला असलेलं गाव. फाइलवर लिहिलेलं, 'कम्यून'. मी पुण्याकडची, कम्यून म्हटलं की मला आश्रमातले मरून झगे घातलेले फॉरेनर्स दिसायला लागतात. मग कळलं, तिकडे प्रत्येक गावालाच कम्यून म्हणतात. आपली नगरपालिका असते तसं. मेयर स्वतःचा, शाळा स्वतःची, आठवड्याचा बाजार स्वतःचा, फक्त शहर वाढत वाढत येऊन त्याला चिकटलेलं. मी चिंचवडची. शहर येऊन चिकटतं म्हणजे काय होतं ते मला कुणी शिकवायला नको.

पण हे गाव बघायची एक विचित्र सवय लागली मला. तिथे सगळीकडे कायम दुपार असायची. गाडी उजेडातच फिरते ना, म्हणून. पिवळट रंगाच्या चार मजली बिल्डिंगा, खिडक्यांना खाली ओढायची शटर्स, फांद्या छाटून मुठीसारखी केलेली झाडं. बेकरी. बेकरीच्या बाहेर बांधलेलं कुत्रं, त्याचा मालक कधीच दिसला नाही. माणसं फार कमी, आणि जी होती त्यांना चेहरे नव्हते. प्रायव्हसीसाठी मशीन चेहरे पुसून टाकतं, तिथे धुकट डाग राहतो. एका फोटोत शाळा सुटलेली होती. तीस-चाळीस मुलं रस्त्यावर, आणि एकालाही चेहरा नाही. मी तो फोटो पटकन बंद केला होता.

हळूहळू मला ते गाव रेडमंडपेक्षा जास्त पाठ झालं. इथे मी घर, बस, ऑफिस, बस, घर करते, मधे पाऊस. तिथे मी प्रत्येक गल्ली चालले होते. एकदा ऑफिसमधून निघाले आणि कोपऱ्यावर डावीकडे वळले, कारण डावीकडे बेकरी आहे. डावीकडे पार्किंग होतं. मी त्या पार्किंगमध्ये पावसात दोन मिनिटं उभी राहिले. हसू आलं पण पूर्ण आलं नाही.

तर त्या गावात, शेवटच्या स्टेशनजवळच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, एक बाई खिडकीतून वाकून खाली बघत होती.

मशीनने तिच्याभोवती चौकोन काढलेला आणि त्यावर टॅग लिहिलेला, व्यक्ती. चेहरा पुसलेला. हिरवे कपडे. खूप उंच, खूप बारीक, आणि हात दिसत नव्हते. मी एप्रिलच्या फोटोवर ओके दाबलं आणि जूनचा उघडला. जूनमध्येही ती होती. त्याच खिडकीत, तशीच वाकलेली. सप्टेंबरमध्येही. तोच तिरपेपणा. फक्त हिरवा रंग उडालेला.

घरी येऊन मी रूममेटला सांगितलं. ऑफिसचे फोटो बाहेर दाखवायला सक्त मनाई आहे, म्हणून नुसतं वर्णन केलं. ती नागपूरची, कढी करत होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हडळ आहे ती बाप्पा. व्हिसा काढून गेली असेल फ्रान्सला." मग दोन आठवडे रोज मी घरात शिरले की, काय म्हणते तुझी हडळ, आज कोणती साडी. मीही हसायचे. पण रोज सकाळी कामाला बसले की सगळ्यात आधी त्या खिडकीवर जायचे. काम नसलं तरी. का ते विचारू नका, मला अजून सांगता येत नाही. वाटायचं आज ती हललेली असेल.

फोटो आहे तो. फोटोतलं माणूस हलत नाही. तरी बघायचे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला टीम लीड म्हणाली की सेम व्यक्ती तीन वेळा आलीये, हा पुतळा असू शकतो, दुकानाची डमी असू शकते, नीट झूम करून टॅग पक्का कर. म्हणून मी एप्रिलचा मूळ फोटो जेवढा मोठा होतो तेवढा मोठा केला. चेहऱ्याचा डाग. डागाखाली गळा. आणि गळ्यात माळ होती. पांढरी आणि गुलाबी, जाड, चपट्या मण्यांची, मधे मोठं पदक.

साखरेची गाठी होती ती.

मी खुर्चीत मागे सरकले. ती बाई नव्हतीच. ती गुढी होती. पडद्याचा रॉड, त्याला हिरवा खण, कुठल्याशा पाल्याची डहाळी, गाठी, आणि वर पालथा तांब्या. मशीनला पालथा तांब्या चेहरा वाटला आणि त्याने तो इमानदारीत पुसून टाकला. मशीनचं सोडा, पण मी? बावीस वर्षं घरात गुढी बघितली, आणि तीन आठवडे मला ती हडळ वाटत होती. एवढ्या मोठ्याने हसले की शेजारच्या क्यूबिकलमधल्याने हेडफोन काढले.

घरी जाऊन सांगितलं तर रूममेट ओट्याला टेकून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मग हसता हसता थांबली. पळी तशीच हातात.

"पण सप्टेंबरमध्ये कोण गुढी उभी करते?" ती म्हणाली.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गुढी पाडव्याला सकाळी उभी करायची आणि दिवस मावळायच्या आत उतरवायची. त्याच दिवशी. आमच्याकडे बाबांना यायला उशीर झाला तर आई साडेपाचपासून गॅलरीत येरझाऱ्या घालते. आणि ही एप्रिल, जून, सप्टेंबर. उन्हात, पावसात, तशीच. कुणीतरी सकाळी हौसेने खण नेसवला, गाठी घातली, आणि मग संध्याकाळ आलीच नाही असं काहीतरी.

मी आईला फोन केला. खरं कारण नाही सांगितलं, नुसतं विचारलं, गुढी उतरवली नाही तर काय होतं गं. आईने आधी टीव्हीचा आवाज कमी केला. मग तिने विचारलं, कुणाकडे राहिली. मी म्हटलं, कुणाकडे नाही, असंच. ती म्हणाली, असंच कुणी ठेवत नाही. तिच्या लहानपणी गल्लीत एकदा राहिली होती. दुपारी घरातलं माणूस गेलं. सुतक पडलं की घरच्यांनी देवाला हात लावायचा नसतो, गुढीलाही नाही. मग शेजारच्या काकूंनी जाऊन उतरवली.

"शेजारचं कोणीतरी उतरवतं," आई म्हणाली. "शेजारी असतोच ना कुणीतरी."

मी त्या गल्लीतल्या खिडक्या आठवल्या. वरची, खालची, बाजूची. त्या काठीला काय म्हणतात ते त्यांतल्या कुणाला माहीत असणार होतं?

दुसऱ्या दिवशी मी सप्टेंबरचा फोटो पुन्हा काढला आणि या वेळी गुढी सोडून खिडकी बघितली. काचेच्या मागे, आत, अंधारात आणखी एक डाग होता. छोटा. खालच्या बाजूला, खुर्चीत बसलेल्या माणसाचा चेहरा असेल तिथे. म्हणजे आत कोणीतरी होतं. बसून होतं. जूनमध्येही होतं, त्याच जागी. एप्रिलमध्ये काचेवर उजेड पडला होता, काही दिसत नव्हतं.

आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नोव्हेंबरचे फोटो आले. गुढी होती. खणाची चिंधी झालेली, तांब्या एका बाजूला कललेला. आणि खिडकीचं शटर पूर्ण खाली ओढलेलं. सगळ्या बिल्डिंगमध्ये तेवढंच एक.

मला एकच गोष्ट कळत होती. आत एक माणूस एकटं आहे, आणि ते आता जिवंत आहे की नाही ते जगात कुणालाच माहीत नाही, आणि फोटोवरून वाटतंय की नसावं. लीडला सांगितलं. ती वाईट नाहीये हो, तिने नीट ऐकलं. पण तिच्यासाठी ते एक शटर होतं. लोक शटर बंद करतात, ती म्हणाली, थंडी आहे. टॅग काढ आणि तिकीट क्लोज कर. टॅग मी काढला. तिकीट, म्हणजे त्या कामाची नोंद, नाही केलं क्लोज.

घरी आले आणि स्वतःच्या लॅपटॉपवर, जो नकाशा सगळ्या जगाला दिसतो, त्यावर ती गल्ली शोधली. एप्रिलचा फोटो पब्लिक झालेला होता. बिल्डिंगचा नंबर स्पष्ट दिसत होता. म्हणजे ऑफिसचं काहीच बाहेर नेलं नाही, हे मी रूममेटला तीन वेळा सांगितलं. ती म्हणाली, मला काय सांगून राहिली, मी पोलीस आहे का. आणि तिनेच रस्ता काढला. तिचा मावसभाऊ त्याच शहरात शिकतो, दुसऱ्या टोकाला. त्याला सगळं सांगितलं तर तो आधी म्हणाला की तायांनो, तुम्ही दोघी ठीक आहात ना. मग म्हणाला, शनिवारी जातो. हळद-कुंकू न्यायचं का? मला त्याचं इतकं बरं वाटलं. न्यायचं हे त्याला सुचलं तरी.

तो शनिवार म्हणजे आज.

आमचे सकाळचे सहा, त्याचे दुपारचे तीन. आम्ही दोघी ब्लँकेट घेऊन सोफ्यावर, फोन मधे उभा करून ठेवलेला. व्हिडिओ चालू ठेवून तो स्टेशनातून बाहेर आला, आणि मी त्याला रस्ता सांगायला लागले. आता उजवीकडे. आता बेकरी येईल. आली. कुत्रं होतं. खरंच होतं, आणि ते भुंकलं, आणि मी दचकले, कारण त्या गावात मी आजपर्यंत आवाजच ऐकला नव्हता. समोरून एक माणूस आला, त्याला पूर्ण चेहरा होता, नाक, मिशी, सगळं. मला ते बघवेना, काय सांगू.

बिल्डिंगच्या खाली बेलच्या पाट्या. त्यात एक मराठी आडनाव. बेल दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. काही नाही. एक बाई पिशव्या घेऊन आत शिरत होत्या, त्यांच्यामागून तोही शिरला. जिने. तिसरा मजला. दारावर टकटक. रूममेटने माझं मनगट धरलेलं, नखं रुतत होती.

दार उघडलं.

एक काकू. खूप लहानखुऱ्या, स्वेटरवर स्वेटर, केस नीट विंचरलेले. मी श्वास सोडला तो इतक्या जोरात की फोन पडला. उचलेपर्यंत त्या बोलायला लागल्या होत्या. कोण, कुठून, काही विचारलं नाही. मराठीत म्हणाल्या, "उतरवायला आलास का?"

तो हो म्हणाला. बिचारा आणखी काय म्हणणार.

पुढचं त्यांनी त्याला चहा देता देता सांगितलं, तो फोन टेबलावर उभा करून बसला होता आणि आम्ही बसलोय हे त्यांनी सहज मान्य केलं, जणू आम्हीही आलोच होतो. पाडव्याला काकांनी गुढी उभी केली. काठी मिळेना म्हणून पडद्याचा रॉड काढला, त्यावरून दोघांची थोडी बाचाबाची झाली. श्रीखंड खाऊन काका पडले ते उठलेच नाहीत. पुढे हॉस्पिटल, कागद, मुलगा कॅनडाहून आला, परत गेला. सांगलीहून नणंद फोनवर म्हणाली, तू हात लावू नकोस, शेजाऱ्याला सांग. खालच्या मजल्यावरची पोर्तुगीज बाई रोज सूप आणून द्यायची, पण तिला काय सांगणार, आणि कुठल्या भाषेत. सोसायटीचं पत्र आलं, खिडकीबाहेर वस्तू ठेवू नयेत. ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. तेरा दिवस झाले, सुतक फिटलं, तेव्हा स्वतः उतरवता आली असती की.

"पण तोवर सवय झाली रे," काकू म्हणाल्या. "खिडकीत कुणीतरी उभं आहे, पाठमोरं. वाऱ्याने जरा हलायचं. मी इकडे बसायचे."

त्याने कप खाली ठेवला. मग त्याने हळूच विचारलं की आता उतरवू का, नको असेल तर राहू दे. काकूंनी खिडकीकडे बघितलं. शटर तसंच खाली होतं, दुपारीही ट्यूब लावलेली. त्या म्हणाल्या, उतरव, अंधार पडायच्या आत.

त्याने शटर वर केलं. हळद-कुंकू वाहिलं, काकूंनी अक्षता दिल्या. रॉड बांधलेली वायर सोडवायला वेळ लागला, तांब्या हातात आला तेव्हा त्याच्यावरून पावसाचं काळं पाणी ओघळलं. रॉड आत घेतला तर खोली एकदम मोठी दिसायला लागली. काकूंनी चिंधी झालेल्या खणाची घडी घातली, अगदी नीट, कडेला कड लावून.

मी इतकी खूश झाले होते ना. जिवंत आहेत, बोलतायत, चहा पाजतायत. मला गप्प बसवेना. मी फोनमधून म्हटलं, काकू, तुमचं शटर बंद बघून आम्ही किती घाबरलो होतो माहितीये, थंडीमुळे लावलं होतं का?

काकू फोनजवळ आल्या. पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघितलं.

"थंडी कसली. कुणीतरी बघायचं गं," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आधीपासून. रोज. दिवे लागायच्या वेळेला, साडेपाच झाले की. खाली रस्त्यावर बघावं तर कुणी नसायचं. समोरून बघायचं, अगदी जवळून. म्हणून लावून घेतलं."

फ्रान्स आमच्या नऊ तास पुढे आहे. त्यांचे साडेपाच म्हणजे माझे सकाळचे साडेआठ. साडेआठला मी बसमधून उतरते, कॉफी घेते, लॅपटॉप उघडते, आणि सगळ्यात आधी ती खिडकी झूम करते. ऑक्टोबरपासून, रोज. ही वेळ मी कुणाला सांगितली नव्हती. रूममेटला पण नाही. आणि मी बघत होते ते एप्रिलचं. जूनचं. सप्टेंबरचं. होऊन गेलेलं. आत्ताच्या खिडकीत मी कधीच बघितलं नाही, बघणं शक्यच नाही, असा कॅमेराच नाही.

 पण माझा चेहरा दिसत होता त्यांना. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, रागाने नाही, जशी आई आपण खिशात लपवलेली चिंच काढून दाखवेपर्यंत बघते तशी.

"तू होय," त्या म्हणाल्या. आणि मग, "बरं झालं बघितलंस बाळा. आता नको हं बघू."

फोन ठेवल्यावर रूममेट म्हणते, काकू एकट्या राहतात, एकट्या माणसाला वाटतं असं. मीही हो म्हटलं. तो मावसभाऊ दर शनिवारी जाणार आहे, त्याला काकूंनी पुढच्या वेळी डाळ-तांदूळ आणायला सांगितलेत, म्हणजे सगळं छान झालंय. छानच झालंय. फक्त सोमवारी मला ते तिकीट क्लोज करायचंय, आणि फोटो उघडल्याशिवाय तिकीट क्लोज होत नाही, आणि मी हे नऊ तासांच्या हिशोबाने दुपारी करू की काय, त्या झोपलेल्या असताना, असा विचार करत बसलेय. एवढी शिकलेली मी.

म्हणून विचारतेय, प्लीज खरं सांगा. तुम्ही कधी कुणाला असं लांबून, नुसत्या फोटोत, रोज बघितलंय का? आणि त्या माणसाला ते कळलंय का? किंवा उलटं, रोज एका ठरावीक वेळेला, घरात कुणी नसताना, तुम्हाला उठून खिडकी लावून घ्यावीशी वाटलीये का?